संदर्भशोध दुवे

संदर्भशोध दुवे : मुक्त ज्ञानकोशातील लेखासाठी विश्वसनीय संदर्भ मिळवता यावेत म्हणून लेखाच्या चर्चापानावर किंवा ‘संदर्भ नाहीत’ अशा सूचनेखाली दिलेले तयार शोधदुवे. लेखाचे शीर्षक उचलून ते ग्रंथ, वृत्तपत्रे, शोधनिबंध व चित्रे यांच्या शोधयंत्रांकडे धाडणे, एवढेच त्यांचे काम. संपादकाचे टंकन त्यामुळे वाचते आणि नवख्या संपादकाला कुठे शोधावे हेही कळते. मात्र शोधयंत्रे बदलतात, संग्रह बंद पडतात आणि स्थळनामांची रूपे कालपरत्वे वेगळी होतात. त्यामुळे हे दुवे सतत राखावे लागतात. ही गरज रत्नागिरी जिल्ह्याविषयीच्या लेखांत विशेष ठळकपणे दिसते.

पार्श्वभूमी : विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा. लेखातील विधान वाचकाला पडताळता आले पाहिजे, हे या ज्ञानकोशाचे पायाभूत धोरण आहे. आधार नसलेल्या विधानापुढे मराठी विकिपीडियावर ‘संदर्भ हवा’ हा साचा लावतात. पण संदर्भ मागणे सोपे आणि आणून देणे कष्टाचे, हे लवकरच ध्यानात आले. इंग्रजी विकिपीडियावर त्यातून संदर्भ शोधून देणारे साचे घडले. त्यांत सर्वसाधारण शोधाबरोबर बातम्या, ग्रंथ, विद्वत्तापूर्ण लेखन, जेस्टोर आणि मुक्त परवान्याची चित्रे यांचे दुवे एका ओळीत येतात. यांपैकी जेस्टोर हा जुन्या शोधपत्रिकांचा संग्रह १९९५ पासून आहे, तर गूगल स्कॉलर नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाले.

रचना : प्रत्येक दुव्याचे तीन भाग असतात : शोधयंत्राचा पत्ता, शोधशब्द आणि अटी. शोधशब्द सहसा लेखाच्या शीर्षकातून येतो. तो अवतरणचिन्हांत घातला की ते शब्द त्याच क्रमाने असलेली पानेच समोर येतात. सर्वसाधारण शोधात ‘विकिपीडिया’ हा शब्द वगळण्याची अट जोडतात. विकिपीडियावरचा मजकूर उचलणारी असंख्य संकेतस्थळे आहेत आणि त्यांपैकी एखादे संदर्भ म्हणून दाखवले, तर लेख स्वतःच्याच साक्षीवर उभा राहतो.

शीर्षकात कंसातील स्पष्टीकरण असेल, तर चांगला साचा ते मूळ नावापासून वेगळे करतो. ‘खेड (रत्नागिरी)’ हे अख्खे शीर्षक अवतरणात शोधले तर हाती फारसे काही लागत नाही. ‘खेड’ आणि ‘रत्नागिरी’ असे दोन स्वतंत्र शब्द दिले तर शोध रुळावर येतो. नुसते ‘खेड’ म्हटले, तर पुणे जिल्ह्यातील त्याच नावाचा तालुका मध्ये येतो.

२०१३ पासून विकिमीडिया प्रकल्पांत लुआ ही संगणकीय भाषा वापरता येऊ लागली आणि अशा साच्यांची मांडणी सुटसुटीत झाली. शोधयंत्रांच्या पत्त्यांची यादी आता एका ठिकाणी असते, तर कोणत्या साच्यात कोणते दुवे दिसावेत याची नोंद दुसरीकडे. पत्ता बदलला की यादीतील एकच ओळ दुरुस्त करायची. साचा लावलेल्या सर्व पानांवर ती दुरुस्ती आपोआप पोचते. चूकही तितक्याच वेगाने सर्वत्र पोचते. म्हणून असे साचे संरक्षित ठेवतात आणि बदल आधी चाचणीच्या पानावर करून पाहतात.

देवनागरीतील अडचणी : संकेतस्थळाच्या पत्त्यात देवनागरी अक्षरे थेट न जाता सांकेतिक रूपात जातात. ‘रत्नागिरी’ या शब्दात युनिकोडची नऊ चिन्हे आहेत. प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट आणि प्रत्येक बाइटला तीन अक्षरे या हिशेबाने पत्त्यात तो ८१ अक्षरांचा होतो. साच्याने हे रूपांतर केले नाही, तर शीर्षकातील मोकळ्या जागेपाशीच दुवा तुटतो.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘चिपळूण’चे ‘चिपळुणात’ होते, ‘राजापूर’चे ‘राजापुरात’. मूळ शब्दातील दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाल्यामुळे अवतरणातील मूळ नावाशी ही रूपे जुळत नाहीत. इंग्रजी नावापुरता पुरेसा ठरणारा काटेकोर शोध मराठीत अर्धेअधिक संदर्भ गाळू शकतो. त्यामुळे मराठी साच्यात अवतरणासह आणि अवतरणाविना असे दोन्ही दुवे हवेत.

तिसरी अडचण लेखनरूपांची. १९६२ चे शुद्धलेखनविषयक नियम येण्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘रत्नागिरि’ असे ऱ्हस्वान्त रूप आढळते. हिंदीत आजही ते चालते. ‘कोंकण’ आणि ‘कोकण’ ही दोन्ही रूपे आजही प्रचलित असून रेल्वेच्या नावात अनुस्वार कायम आहे. ‘किनाऱ्यावर’सारख्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे उमटवला जातो. डोळ्यांना सारखी दिसणारी ही रूपे यंत्राला वेगळी वाटू शकतात. वृत्तपत्रांच्या जुन्या महाजालीय आवृत्त्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये असतील, तर त्यांतील मजकूर देवनागरी शोधाला सापडत नाही. छापील पानांच्या नुसत्या प्रतिमा असतील, तर अक्षरओळख किती अचूक आहे यावर सारे अवलंबून राहते. जोडाक्षरे आणि पुसट शाई असलेल्या जुन्या छपाईत ती वारंवार चुकते.

रत्नागिरी, नावांचा गुंता : ‘रत्नागिरी’ हा शब्द विद्वत्तापूर्ण लेखनाच्या शोधयंत्रात रोमन लिपीत घातला, तर ओडिशातील जाजपूर जिल्ह्याच्या रत्नागिरी येथील बौद्ध विहारांवरचे लेखन मोठ्या प्रमाणात समोर येते. तेथे देबला मित्रा यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे १९५८ ते १९६१ या काळात उत्खनन केले होते. मराठीत शोधले, तर कोल्हापूरजवळचे जोतिबाचे स्थान, वाडी रत्नागिरी, मध्ये येते. म्हणून शहराविषयी शोधताना ‘कोकण’, ‘महाराष्ट्र’ किंवा तालुक्याचे नाव जोडावे लागते.

कालखंडाचा पेच याहून फसवा आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या लेखनात मालवण, देवगड, वेंगुर्ले, कणकवली ही ठिकाणे रत्नागिरी जिल्ह्यातच मोडतात. त्यामुळे १९८१ पूर्वीची लोकसंख्या, शेतीक्षेत्र किंवा शाळांची संख्या आजच्या रत्नागिरी जिल्ह्याची म्हणून उद्धृत केली, तर संदर्भ खरा आणि विधान खोटे अशी स्थिती होते. सिंधुदुर्गातील गावाच्या लेखासाठी जुने संदर्भ शोधताना उलट ‘रत्नागिरी’ हाच शब्द द्यावा लागतो.

इंग्रजी साधनांत नावांची जुनी रूपे माहीत नसतील, तर शोध अपुरा राहतो. कोकणासाठी ‘काँकन’, सुवर्णदुर्गासाठी ‘सेव्हर्नड्रूग’, विजयदुर्गासाठी ‘घेरिया’ अशी रूपे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील कागदपत्रांत येतात. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून डिसेंबर १९१६ मधील मृत्यूपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. त्याच्या नावाची रोमन लिपीतील तीन-चार वर्णरूपे प्रचलित आहेत. १९१० मध्ये बांधलेल्या थिबा राजवाड्यावरच्या लेखाला या सर्व रूपांचे दुवे मिळाले, तरच ब्रह्मदेशाच्या इतिहासावरील ग्रंथांपर्यंत पोचता येते.

कातळशिल्पांचे उदाहरण अलीकडचे आहे. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, रुंढे तळी, देवी हसोळ, देवाचे गोठणे येथील शिल्पे सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ यांच्यासह २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. मराठी वृत्तपत्रे ‘कातळशिल्प’ म्हणतात, काही जण ‘कातळखोदचित्र’. इंग्रजीत ‘पेट्रोग्लिफ’ आणि ‘जिओग्लिफ’ हे दोन्ही शब्द येतात आणि युनेस्कोच्या यादीतील शब्द ‘जिओग्लिफ’ आहे. हापूस आंब्याचेही तसेच. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण कृषिसंशोधनात तो ‘अल्फान्सो’ या नावानेच सापडतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील संशोधनाकडे जाणारी वाट या शब्दावरूनच जाते.

दुव्यांमागील साधने : परक्या शोधयंत्रांची यादी जशीच्या तशी मराठीत आणून काम भागत नाही, मराठी साधनांचे दुवे जोडावे लागतात. रत्नागिरीसाठी पहिले साधन गॅझेटियर. जेम्स कॅम्बेल यांनी संपादिलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड ‘रत्नागिरी व सावंतवाडी’ १८८० मध्ये निघाला. महाराष्ट्र राज्याची सुधारित आवृत्ती १९६२ ची आहे. पहिल्यात सावंतवाडी संस्थान वेगळे, तर दुसऱ्यात ते जिल्ह्यात विलीन झालेले आहे, हे वापरताना ध्यानात ठेवावे लागते.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ आणि वाई येथून सिद्ध झालेला वीस खंडांचा ‘मराठी विश्वकोश’ महाजालावर वाचता येतात. शब्दांच्या जुन्या रूपांसाठी मोल्सवर्थ यांचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) व य. रा. दाते आणि सहकाऱ्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया विषयक डिजिटल संग्रहात शोधता येतात. ग्रंथ अस्तित्वात होता का, हे पाहण्यासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उपयोगी पडते. तिच्या १९४३ मधील पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळातील पुस्तके आहेत. पीएच.डी. प्रबंधांसाठी शोधगंगा, जुन्या मुद्रित ग्रंथांच्या प्रतिमांसाठी इंटरनेट अर्काइव्ह आणि मराठी विकिस्रोत ही आणखी साधने.

निवडक विश्वसनीय संकेतस्थळांपुरताच शोध मर्यादित ठेवणारी विशेष शोधयंत्रेही संपादक बनवतात. त्यांत कोणती वृत्तपत्रे घ्यावीत आणि कोणती वगळावीत हा संपादकीय निर्णय असतो, म्हणून त्याची चर्चा उघडपणे होणे आवश्यक ठरते. एकमेकांचा मजकूर उचलणारी पर्यटन व हॉटेलविषयक पाने वगळली, तरी कोकणाविषयीचे निकाल बरेच स्वच्छ होतात.

देखभाल : दुवे अनेक कारणांनी निकामी होतात. गूगलने वृत्तपत्रांची जुनी पाने प्रतिमांकित करण्याचा उपक्रम २००८ मध्ये हाती घेतला आणि २०११ मध्ये थांबवला. हायबीम हे लेखभांडार २०१८ च्या अखेरीस, तर क्वेस्टिया डिसेंबर २०२० मध्ये बंद झाले. अशा प्रत्येक वेळी साच्यातील दुवा काढावा लागतो, पर्याय शोधावा लागतो आणि लेखांत आधीच दिलेल्या संदर्भांना जतन केलेल्या प्रतीची जोड द्यावी लागते. पूर्ण तुटलेला दुवा लगेच लक्षात येतो; उघडणारा, पण शोधशब्द गाळून केवळ मुखपृष्ठ दाखवणारा दुवा वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. ‘निकाल नाहीत’ असे दिसले की संपादक संदर्भच नाहीत असे समजतो, हा त्याचा खरा तोटा.

म्हणून तपासणीसाठी ठराविक शीर्षकांचा संच ठेवणे सोयीचे असते : एक साधे नाव (लांजा), एक जोडनाव (थिबा राजवाडा), कंसातील स्पष्टीकरण असलेले एक (खेड), दुहेरी लेखनरूपाचे एक (कोकण) आणि अवतरणचिन्ह किंवा विसर्ग असलेले एक. प्रत्येक बदलानंतर या पाचही शीर्षकांवर सर्व दुवे चालवून पाहिले, तर बहुतेक दोष उघडे पडतात.

यादीत किती दुवे असावेत, हाही देखभालीचाच प्रश्न. प्रत्येक गटाला आपले आवडते साधन यादीत हवे असते. पण पंधरा-वीस दुव्यांची ओळ कोणी वापरत नाही. सर्व लेखांना उपयोगी असे मोजके दुवे मुख्य साच्यात आणि जिल्हा, साहित्य, शेती अशा विषयांचे दुवे वेगळ्या साच्यांत ठेवणे हा त्यावरचा मार्ग. एकाच कंपनीच्या शोधयंत्रांना झुकते माप मिळते, तसेच दुवा दाबणाऱ्याची माहिती बाहेरील संकेतस्थळाकडे जाते, हे आक्षेपही या चर्चेत येतात.

मर्यादा : शोधदुवा संदर्भ सुचवतो, त्याची विश्वसनीयता ठरवत नाही. निकालांची संख्या हा विषयाच्या महत्त्वाचा पुरावा नव्हे. शोधयंत्रे दाखवतात तो आकडा ढोबळ अंदाज असतो. शुल्क आकारणारे संग्रह अनेकांना बंदच असतात. विकिपीडिया ग्रंथालय ही योजना त्यांपैकी काही संग्रह संपादकांना विनामूल्य खुले करते. त्यासाठी किमान सहा महिन्यांचे खाते, पाचशे संपादने आणि गेल्या महिन्यात दहा संपादने अशा अटी आहेत.

जे महाजालावर नाही, ते कोणताही दुवा आणून देत नाही. सावरकरांच्या रत्नागिरीतील स्थानबद्धतेच्या काळाविषयी (१९२४–१९३७) किंवा १९३१ च्या पतितपावन मंदिराविषयी पुस्तके सहज सापडतात; मात्र त्या घटनांची दखल घेणाऱ्या ‘बलवंत’सारख्या स्थानिक साप्ताहिकाचे अंक चाळायचे, तर छापील संचाकडेच वळावे लागते. छापील अंकाचा तारीख व पृष्ठक्रमांकासह दिलेला संदर्भ विकिपीडियाला पूर्णपणे मान्य आहे. त्यासाठी महाजालीय दुव्याची अट नाही. म्हणून १८२८ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयासारख्या संस्थांची नावेही जिल्हाविषयक साच्यात, शोधदुव्यांच्या खाली, द्यायला हवीत.