प्लगवरचा आकडा

२०२३ साली मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. घरोघरच्या काही पद्मिनी मात्र अजून धावतात आणि त्यांचे मालक विचारतात, प्लग कुठला घालू?

१९०२ साली जर्मनीत बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्यासोबत स्पार्क प्लग तयार केला. पुढे इंजिने जास्त तापू लागली. प्लगने उष्णता किती लवकर बाहेर टाकायची, हे ठरवावे लागले आणि त्यासाठी प्लगवर आकडे आले.

गंमत इथेच आहे. बॉशच्या जुन्या पद्धतीत मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. २२५ हा १४५ पेक्षा थंड. नव्या पद्धतीत नेमके उलटे. ५ थंड, ८ गरम. एनजीकेत मात्र मोठा आकडा थंडच. आपला 'मायको' म्हणजे बॉशचीच भारतीय कंपनी (२००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड), म्हणून जुन्या गॅरेजात दोन्ही पद्धतींचे आकडे ऐकू येतात.

गोंधळ महाग पडतो. फार गरम प्लग ठिणगीआधीच मिश्रण पेटवतो, पिस्टनला भोकही पडू शकते. फार थंड प्लगवर काजळी धरते. तेव्हा मंडळी, गाडीच्या पुस्तिकेतला आकडा कुठल्या कंपनीचा, कुठल्या पद्धतीचा ते आधी पाहा. आट्यांची लांबीही जुळवा. थोडी गाडी चालवून प्लग काढा. टोक फिकट तपकिरी दिसले, तर निवड बरोबर.