ऑरेगॉनची सोडत

सोडत म्हटली कीं भिशी, नाहीं तर एखादें बक्षीस डोळ्यांपुढें येतें. आजाऱ्यानें डॉक्टरकडे जावें कीं घरींच कण्हत पडावें, याचा निकाल चिठ्ठ्या टाकून लावल्याचें उदाहरण क्वचितच सांपडेल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ऑरेगॉन येथें २००८ सालीं तें घडलें.

गरिबांसाठीं तेथें 'मेडिकेड' नांवाचा सरकारी आरोग्यविमा आहे. त्यांतील एक योजना द्रव्याभावीं २००४ पासून नव्या माणसांना बंद होती. पुढें सुमारें १०,००० जागांपुरता पैसा हातीं आला. नांवें आलीं जवळजवळ ९०,०००. तेव्हां सरकारनें सोडत काढली. यास न्याय म्हणावें कीं न्यायाची हतबलता, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

विद्वानांना मात्र ती पर्वणी वाटली. विमेदार आणि बिनविमेदार यांची नुसती तुलना फसवी असते. आजारी मनुष्य विमा आधीं शोधतो, आणि सधनास तो सहज मिळतो. येथें भेद केवळ दैवाचा होता. एमी फिंकेलस्टाइन, कॅथरीन बेकर आणि त्यांचे सहकारी यांनीं नांव निघालेल्या व न निघालेल्या अशा दोन्ही गटांचा माग ठेवला. वगळलेल्यांवांचून ही परीक्षा होऊंच शकली नसती.

नांव निघालें म्हणजे विमा मिळालाच, असें नव्हतें. निवडलेल्यांपैकीं सुमारें ३० टक्केच प्रत्यक्ष दाखल झाले. कित्येकांनीं अर्जच धाडला नाहीं. धाडणारांपैकीं सुमारें निम्मे नियमांत बसले नाहींत. दैव देतें आणि कर्म नेतें, ही म्हण येथें कागदांनीं खरी केली.

ज्यांना विमा लाभला त्यांचें दवाखान्यांत जाणें, औषधें घेणें, रुग्णालयांत दाखल होणें वाढलें. विमा असला कीं तातडीच्या विभागांतील गर्दी ओसरेल, ही अनेकांची आशा होती. २०१४ च्या निबंधांत तेथील फेऱ्या उलट सुमारें ४० टक्क्यांनीं वाढल्याचें दिसलें. त्याआधीं २०१३ सालीं दोन वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला होता. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, रक्तांतील साखर यांत ठळक फरक नव्हता; नैराश्य घटलें होतें, आणि घर बुडविणारा औषधपाण्याचा खर्च जवळजवळ नाहींसा झाला होता. विम्याचे विरोधक रक्तदाबाचे आंकडे दाखवूं लागले. पण सावकाराच्या धाकानें ज्याची झोंप उडाली आहे, त्यास ती परत मिळणें हें आरोग्य नव्हे काय?

२०१४ सालीं नव्या केंद्रीय कायद्यान्वयें ऑरेगॉननें ही योजना अल्प उत्पन्नाच्या प्रौढांना खुली केली, आणि चिठ्ठ्या टाकण्याचें कारण उरलें नाहीं.