सहकारी अध्ययन (अभियांत्रिकी शिक्षणातील)

विद्यार्थ्यांनी लहान गटांत राहून एक समान उद्दिष्ट गाठावे आणि त्या ओघात गटातील प्रत्येकाने विषय स्वतः शिकून घ्यावा, यासाठी केलेल्या योजनाबद्ध अध्यापनरचनेला सहकारी अध्ययन म्हणतात. चार जणांना एका बाकावर बसवून एकच गणित सोडवायला देणे, किंवा शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प-अहवालावर चौघांची नावे छापणे, यांना ही संज्ञा लागू पडत नाही; कारण अशा कामात एकाने राबायचे आणि बाकीच्यांनी सह्या करायच्या, ही वाट मोकळी राहते. ती वाट बंद करणारी रचना शिक्षक आधी उभी करतो, हे या पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण होय.

पद्धतीचे सैद्धांतिक मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मॉर्टन डॉइश यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या सहकार्य व स्पर्धा यांच्या सिद्धांतात आहे. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड जॉन्सन व रॉजर जॉन्सन या बंधूंनी त्याला वर्गात वापरता येईल असे रूप दिले आणि त्याच विद्यापीठातील कार्ल स्मिथ यांनी, जे मूळचे धातुशास्त्राचे अभियंते होते, या दोघांच्या साथीने १९८१ च्या सुमारास ते अभियांत्रिकी शिक्षणात आणले. विज्ञान, गणित, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान या शाखांच्या पदवी-वर्गांतील लहान गटांच्या अध्ययनावर झालेल्या ३९ अभ्यासांचा एकत्रित आढावा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संपादणुकीवरील परिणामाचे सरासरी मान ०.५१ आढळले, म्हणजे गटात शिकलेल्यांची सरासरी इतरांच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्ध्या प्रमाण-विचलनाने वर होती. शिक्षणक्षेत्रातील उपायांचा परिणाम सहसा इतका ठळक दिसत नाही.

जॉन्सन बंधूंनी या रचनेची पाच अंगे सांगितली आहेत : एकाचे यश दुसऱ्याच्या यशावर अवलंबून असणे (सकारात्मक परस्परावलंबन), प्रत्येकाच्या कामाचा वेगळा हिशेब लागणे (वैयक्तिक उत्तरदायित्व), समोरासमोर बसून एकमेकांना शिकवणे, सहकार्याची कौशल्ये जाणीवपूर्वक शिकवली जाणे, आणि गटाने आपल्या कामकाजाचा वेळोवेळी आढावा घेणे. यांपैकी पहिली दोन अंगे एकमेकांना छेद देतात असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु कोल्हापूर जिल्ह्यातील दूधसंस्थांचा व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला त्यांचा मेळ लगेच उमगतो. गावच्या संस्थेत प्रत्येक सभासदाचे दूध वेगळे मोजले जाते, त्याची फॅट वेगळी काढली जाते आणि पैसे त्याच्याच नावावर जमा होतात. मात्र वाहतूक, शीतकरण व विक्री साऱ्यांची मिळून होते, आणि एकाने भेसळ केली तर फटका सगळ्या संस्थेला बसतो. १९६३ मध्ये स्थापन झालेला ‘गोकुळ’ हा जिल्हा दूधसंघ याच पायावर वाढला. अभियांत्रिकीच्या वर्गात मात्र बहुधा मोजमापच विसरले जाते आणि सगळे दूध एका कॅनमध्ये ओतून सरसकट गुण वाटले जातात.

महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्याच वर्षी गोकुळ शिरगाव येथे कोल्हापूर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे (केआयटी) महाविद्यालय आणि १९८४ मध्ये कसबा बावडा येथे डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल–हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री व मशीन शॉप हे या परिसरातील पदवीधरांचे स्वाभाविक कार्यक्षेत्र आहे. तेथे पॅटर्नमेकर, मोल्डर, भट्टीवरचा माणूस, मशीनिस्ट आणि तपासनीस यांच्या हातांतून एकच जॉब पुढे सरकत असल्याने एकट्याच्या हुशारीला फार मर्यादा पडतात. भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला आणि राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाच्या तेव्हाच्या बारा अपेक्षित निष्पत्तींमध्ये ‘वैयक्तिक व सांघिक काम’ ही नववी निष्पत्ती महाविद्यालयांना पुराव्यानिशी दाखवावी लागू लागली. पुरावा मागितला गेला की तक्ते तयार होतात; सांघिक कौशल्य मात्र वर्गातच घडवावे लागते.

ते कसे घडते हे ‘जिगसॉ’ या प्रकारावरून स्पष्ट होईल. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील शाळांसाठी हा प्रकार योजला. त्यात विषयाचे तुकडे करून गटातील प्रत्येकाला एकेक दिला जातो. ओतकामाचा पाठ या पद्धतीने घ्यायचा असल्यास पंपाच्या बॉडीचे नाकारले गेलेले, म्हणजे रिजेक्ट झालेले, एखादे कास्टिंग वर्गात आणावे. त्याच्या जाड फ्लँजजवळ पोकळी आहे आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे आहेत. चौघांच्या प्रत्येक मूळ गटातून एक जण पॅटर्नचा, दुसरा वाळूचा, तिसरा वितळण व ओतण्याच्या तापमानाचा आणि चौथा रनर-रायझर रचनेचा अभ्यास करण्यासाठी आपापल्या तज्ज्ञगटात जातो. वाळूच्या गटाला ओलावा जास्त झाल्यास वाफ कशी अडकते ते समजते. रायझरच्या गटाला जाड भाग शेवटी थिजतो आणि तेथे वेळेवर धातू पोचला नाही तर पोकळी राहते, हे समजते. ओतण्याच्या गटाला तापमान चढले की द्रवाचे आकुंचन वाढते हे कळते. पॅटर्नच्या गटाला करड्या ओतीव लोखंडासाठी सुमारे एक टक्का आकुंचन-भत्ता का ठेवतात, आणि जाड-बारीक भाग जोडताना कोपरे गोल का करतात, ते उमगते. मूळ गटात परतल्यावर दोषाचे पूर्ण निदान कोणा एकालाही करता येत नाही; चौघांनी एकमेकांना शिकवल्यावरच ते जुळते. त्यानंतरची छोटी परीक्षा एकेकट्याने द्यायची असते आणि तिच्यात प्रत्येकाला स्वतःच्या नसलेल्या तीन भागांवर प्रश्न येतात. ही परीक्षा गाळली तर उरलेला पाठ केवळ गप्पांचा तास ठरतो.

मोठ्या वर्गासाठी याहून हलका प्रकार म्हणजे ‘विचार-जोडी-मांडणी’ होय. त्यात विद्यार्थी प्रश्नावर आधी एकटा विचार करतो, मग शेजाऱ्याशी बोलतो आणि शेवटी उत्तर वर्गापुढे ठेवतो. मुंबईच्या आयआयटीत संगणक प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गावर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. कोल्हापूरच्या शेजारी, सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडून अभियांत्रिकी शिक्षणाला वाहिलेले एक संशोधन-नियतकालिक प्रसिद्ध होते, त्यामुळे या भागातील अध्यापकांना आपले वर्गप्रयोग मांडण्यासाठी लांब जावे लागत नाही.

गट पाडणे हे अध्यापकाचे काम आहे. विद्यार्थ्यांवर सोडल्यास मित्रमंडळे बनतात आणि रोल नंबरने पाडलेल्या बॅचमध्ये कोण कोणासोबत येईल हे योगायोगच ठरवतो. महाराष्ट्रात दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाधारक थेट प्रवेश घेतात. त्यांचा हात लेथ व ड्रॉइंगवर बसलेला असतो, तर बारावीनंतर आलेल्यांची गणिताची बैठक पक्की असते. या दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना एका गटात आणणे ही इथल्या वर्गाची खरी ताकद होऊ शकते, आणि ती बहुतेक ठिकाणी वाया जाते. मेकॅनिकलच्या वर्गात मुली थोड्या असतात. प्रत्येक गटात एकेक मुलगी वाटून टाकली की अहवाल लिहिण्याचे काम तिच्या गळ्यात पडते आणि स्पॅनर दुसऱ्याच्या हाती जातो. म्हणून आरंभीच्या वर्षांत अल्पसंख्य विद्यार्थ्याला गटात एकटे ठेवू नये, अशी सूचना अभियांत्रिकी शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड फेल्डर व रिबेका ब्रेंट यांच्या लेखनात आहे. गडहिंग्लज किंवा राधानगरीकडून एसटीने येणारा विद्यार्थी आणि वसतिगृहात राहणारा विद्यार्थी यांच्या मोकळ्या वेळा जुळत नाहीत, ही अडचण तितकीच खरी आहे; गटाचे निदान काही काम तासाच्या वेळात बसवणे हा तिच्यावरचा उपाय होय.

गुणदान हा सर्वांत नाजूक भाग आहे, कारण जर्नल उतरवून सबमिशन उरकण्याची सवय टर्मवर्कच्या गुणांमुळेच टिकून आहे. रूढ उपाय असा की सदस्यांनी एकमेकांच्या जबाबदारीच्या पालनाचे (हुशारीचे नव्हे) गोपनीय मूल्यमापन करायचे. एखाद्याला मिळालेल्या सरासरीला गटाच्या सरासरीने भागायचे आणि त्या भागाकाराने गटाचे गुण गुणायचे. गटाला ५० पैकी ४० गुण असतील, गटाची सरासरी ८० आणि एखाद्याची ७० असेल, तर त्याचा गुणक ०.८७५ येतो आणि त्याच्या पदरात ३५ गुण पडतात. वरच्या बाजूने गुणकाला १.०५ सारखी मर्यादा घालतात, म्हणजे सगळे काम एकट्याने ओढणाऱ्याला त्याचे बक्षीस मिळत नाही. सगळ्यांनी सगळ्यांना पूर्ण गुण द्यायचे, असा समझोता विद्यार्थी आपसांत करतात. त्यावर शिक्षकाने तोंडी परीक्षेत गटातील कोणालाही कोणताही भाग विचारणे अधिक परिणामकारक ठरते.

गटात भांडणे होतात आणि ती व्हायचीच. पहिल्याच आठवड्यात गटाने लेखी करार करावा : बैठक कधी, गैरहजर राहणार असल्यास कोणाला कळवायचे, काम न करणाऱ्याचे नाव अहवालावरून कधी काढायचे. महिनाभराने दहा मिनिटे काढून काय जमले आणि काय बदलायचे, हे गटाने लिहून द्यावे. सूचना देऊनही न बदलणाऱ्या सदस्याला वगळण्याची, तसेच इतरांचा भार वाहून थकलेल्याला गट सोडण्याची मुभा नियमांत असावी. ही तरतूद क्वचितच वापरावी लागते. पहिले गट चार ते सहा आठवड्यांनी विसर्जित होतील आणि सर्व सदस्यांनी स्वतंत्रपणे मागणी केली तरच गट कायम राहील, असे आधी जाहीर करण्याची पद्धतही आहे. तसे जाहीर केल्यावर बहुतेक गट एकत्र राहणेच निवडतात, असा अनुभव फेल्डर व ब्रेंट यांनी नोंदवला आहे.