वेशीबाहेरचे शहर

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) वाढले ते वेशींच्या बाहेर. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि नहरीने तिला पाणी दिले. त्या पाण्यावर गाव जगले, पण कारखाने जगले नसते. १९७६ मध्ये जायकवाडी धरण पूर्ण झाले. पैठणचे पाणी आले म्हणून वाळूजची वसाहत उभी राहू शकली. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागे सुटे भाग करणारे लहान कारखाने आले. सिडकोची घरे, १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ, १९८२ मध्ये महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११,७५,११६ भरली.

आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक या वाढीकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. निजामाच्या राज्यात दप्तराची भाषा उर्दू होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे कचेरीचा कारभार मराठीत गेला. आजोबांना जिने नोकरी दिली, तीच भाषा नातवाला अर्ज लिहिताना अपुरी पडू लागली. (कारखाना आणि दप्तर हे दोन्ही शब्द मात्र फारसीतूनच मराठीत आलेले!) तिकडे हिमरूचे माग एकेक करून बंद पडले. विणकराचा मुलगा वाळूजला गेला खरा, पण हातात आयटीआयचा दाखला नसेल तर ठेकेदाराच्या हजेरीवर. त्याचा हात कसबी होता, हे सांगणारा कागद कुठे होता?

आता शेंद्रा-बिडकीनला ऑरिक वसाहत वाढते आहे. आम्ही दहावीच्या मुलांकडून मराठीत अर्ज गिरवून घेतो, आणि आयटीआयच्या प्रवेशाची तारीख फळ्यावर दोन्ही लिप्यांत लिहितो.