अपस्मार : प्राण्यांच्या ईईजीतील झटक्यांचा स्वयंचलित शोध

प्रयोगातील प्राण्यांच्या मेंदूतून दीर्घकाळ नोंदवलेल्या विद्युत् आलेखात (ईईजी) अपस्माराचे झटके संगणकाने ओळखण्याची पद्धत. केनिक अम्ल किंवा पायलोकार्पीन देऊन उंदरात प्रदीर्घ झटका घडवला, की काही दिवसांनी वा आठवड्यांनी त्याला आपोआप झटके येऊ लागतात. ते कधी येतील याचा नेम नसतो. अनेकदा ते लागोपाठ येतात आणि मग दिवसचे दिवस काहीच घडत नाही. त्यामुळे आठवडेच्या आठवडे अखंड नोंद घ्यावी लागते, आणि ती सगळी डोळ्यांनी वाचणे अशक्यप्राय होते. झटक्यात लहरी उंच व दाट होतात. म्हणून लागोपाठच्या नमुन्यांमधील फरकांची चिन्ह वगळून केलेली बेरीज, म्हणजे आलेखरेषेची लांबी, हा साधा निकष बराच उपयोगी पडतो. मात्र उंदीर कुरतडू किंवा अंग खाजवू लागला, तरी ही लांबी वाढते. स्ट्रासबर्गला पैदास केलेल्या गेअर्स जातीच्या उंदरांत झटक्याची लय सेकंदाला साधारण ७ ते ११ आवर्तनांची असते; तेथे वारंवारता पाहणे अधिक योग्य.

अशा पद्धतीची पारख केवळ अचूकतेच्या टक्केवारीवर करणे दिशाभूल करणारे आहे. दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी २ मिनिटेच झटक्यांची असतील, तर ‘झटका नाही’ एवढेच सांगत राहणारी आज्ञावलीही ९९.८ टक्क्यांहून अधिक अचूक ठरते. किती झटके निसटले आणि तासाला किती खोटे इशारे मिळाले, हेच विचारायला हवे. तासाला एक खोटा इशाराही ३० दिवसांत ७२० होतो. खोटे इशारे तपासून गाळता येतात, निसटलेला झटका मात्र कुणाच्याच नजरेस पडत नाही. म्हणून ज्या मूल्यापुढे झटका मानायचा, तो उंबरठा खाली ठेवणे इष्ट. औषधाच्या चाचणीत धोका आणखी गंभीर असतो. औषधाने झटके न थांबता फक्त लहरींची उंची घटली, तर उंचीवर बेतलेली पद्धत ते मोजणार नाही आणि निरुपयोगी औषध गुणकारी भासेल.

तज्ज्ञांचेही झटक्याच्या सीमेवर एकमत होत नाही, मग यंत्रालाच दोष का, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे, पण त्यातून निघते ते एवढेच, की तुलनेसाठी एकाहून अधिक वाचक हवेत. सखोल शिक्षणाची (डीप लर्निंगची) जाळी उंबरठ्याचा प्रश्नच मिटवतात, हा दावाही पुरता टिकत नाही; त्यामागचे निकाल फसवे असू शकतात. एकाच प्राण्याच्या नोंदीचे तुकडे प्रशिक्षण आणि परीक्षा या दोन्हींत वाटले गेले, तर जाळे त्या प्राण्याची खासियत शिकते. परीक्षेतले प्राणी संपूर्ण नवे हवेत. शिवाय यंत्राने शांत ठरवलेल्या तासांतूनही यादृच्छिक नमुने काढून ते गट न सांगता माणसाकडून वाचून घ्यावेत, आणि हे औषध दिलेल्या व न दिलेल्या अशा दोन्ही गटांत करावे.