ट्रोलची गरी

मराठीत ‘ट्रोलभैरव’ आणि ‘ट्रोलधाड’ हे शब्द आता रुळले आहेत. त्यांच्यासोबत चित्र यायचं तर सुळेवाला, केसाळ राक्षस येतो, हातात मोबाइल घेतलेला. नॉर्वेच्या लोककथांत पुलाखाली दबा धरून बसणारा ट्रोल आहे खरा. पण इंटरनेटवरच्या ट्रोलचं त्याच्याशी नातं नंतर जुळलं, मानलेलं. सख्खं कूळ मासे गरवणाऱ्यांचं.

इंग्रजीतलं ‘ट्रोल’ हे क्रियापद जुन्या फ्रेंचमधल्या शिकाऱ्यांच्या बोलीतून आलं असावं. सावज नेमकं कुठं आहे याचा पत्ता नसताना रान धुंडाळत फिरायचं, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत त्याला गरगरणं, रेंगाळत चालणं, एकामागून एकानं गाणं उचलणं अशा छटा चिकटल्या. सतराव्या शतकाच्या सुमारास ते मासेमारीत शिरलं. 1682 साली रॉबर्ट नॉब्स यानं ‘द कम्प्लीट ट्रोलर’ नावाचं पुस्तकच काढलं. गंमत म्हणजे नॉब्सच्या ट्रोलिंगला होडी लागत नाही. तो पाइक माशासाठी काठावरूनच मेलेली मासोळी पाण्यात सोडतो, बुडू देतो, ओढतो, पुन्हा बुडू देतो. चालत्या होडीमागे दोर सोडून आमिष ओढत न्यायचं, हा आजचा अर्थ मागाहून पक्का झाला. (आपल्या बंदरातला ‘ट्रॉलर’ यातला नाही. तो ‘ट्रॉल’वरून, म्हणजे समुद्रात ओढायच्या मोठ्या जाळ्यावरून आला. इंग्रजी बोलणारेही या दोघांत हमखास गोंधळतात.)

अमेरिकेतल्या तळ्यांनी हे तंत्र आपलंसं केलं. 1934 मध्ये नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट यांनी फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर उचलून त्याला पंखा जोडला आणि होडी आवाज न करता सरकवणारी विजेची मोटर बनवली. अशा मोटरला आजही ट्रोलिंग मोटर म्हणतात. वेग ही तिची शान नाही. हळू जाता येतं, ही आहे.

किती हळू, ते क्रॉपी माशाच्या मागे लागल्यावर कळतं. स्पेलिंग वाचून ‘क्रॅपी’ म्हणणारे बरेच आहेत, पण शब्द कॅनडातल्या फ्रेंच ‘क्रापे’वरून आलेला. लुइझियानात याच माशाला ‘साकाले’, म्हणजे दुधाची पिशवी म्हणतात. चपटा, रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा. अर्धा किलोचा मिळाला तरी माणूस खूश. मिसिसिपीतली सार्डिस, एनिड, ग्रेनाडा ही पूर अडवायला बांधलेली धरणं आता या माशासाठीच ओळखली जातात. पांढऱ्या क्रॉपीचा 5 पौंड 3 औंसांचा विक्रम एनिडवर 1957 साली झाला.

इथली पद्धत बघण्यासारखी असते. होडीच्या नाळेवर बारा-चौदा फुटी काठ्या पंख्यासारख्या पसरून खोबणीत रोवतात. लांबून होडी कोळ्यासारखी दिसते, म्हणून नाव ‘स्पायडर रिगिंग’. प्रत्येक दोरीला शिसं आणि जिवंत मासोळी. ताशी अर्धा मैल म्हणजे किलोमीटरही धड नाही. पाण्यात बैलगाडी चालली असती तर तीही पुढं निघून गेली असती. नवशिक्या नेमका इथंच चुकतो. मासा लागत नाही म्हणून वेग वाढवतो. मग दोरी तिरकी होते, आमिष वर उचललं जातं, आणि बारा फुटांवर सोडलेली मासोळी प्रत्यक्षात आठ फुटांवर फिरत राहते. म्हणून डोळा दोरीवर हवा; ती जवळपास उभी दिसली पाहिजे. क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला रोखलेले असतात, तो वरचं खातो, खाली वाकत नाही. तेव्हा आमिष त्याच्या जरा वर ठेवायचं, खाली गेलं की फुकट. तो खालून येऊन उचलतो तेव्हा शिशाचा भार हलका होतो आणि वाकलेलं टोक खाली जाण्याऐवजी सरळ होतं. हिसक्याची वाट पाहणाऱ्याला हे समजतसुद्धा नाही. समजलं तर तो दणकून काठी ओढतो, आणि कागदासारखा पातळ ओठ फाटून गळ बाहेर येतो. काठी नुसती उचलायची.

सावज कुठं आहे ठाऊक नाही, म्हणून आमिष फिरवत राहायचं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला युजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चाजाळ्यावरच्या मुरलेल्या मंडळींनी हाच खेळ केला. शहरी दंतकथांवर गप्पा मारणाऱ्या एका चर्चागटात कुणी जुना सदस्य मुद्दाम शंभरदा चघळून झालेला, धडधडीत चुकीचा दावा टाकायचा. जुने गप्प बसायचे. नवखा मात्र तावातावानं दुरुस्ती करायला धावायचा आणि बाकीचे हसायचे. याला ते ‘नवख्यांसाठी ट्रोलिंग’ म्हणत. त्यात राग नव्हता, शिव्या तर नव्हत्याच. ट्रोल हे तेव्हा माणसाचं नावही नव्हतं, त्यानं टाकलेल्या आमिषाचं होतं.

राक्षस पुढं आला. ‘ट्रोलला खायला घालू नका’ हा सल्ला ज्यानं प्रथम दिला, त्याच्या डोळ्यांपुढं होडी नसणार. गळ टाकणारा दुसऱ्याला खायला घालतो; इथं तोच खादाड झाला.

मराठीत काहींनी ‘जल्पक’ हा पर्याय काढला. न्यायशास्त्रात वाद, जल्प, वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. छल करून का होईना, जिंकायचंच, तो जल्प. शब्द देखणा आहे, आजच्या टोळ्यांना शोभतोही. पण युजनेटवरच्या त्या पहिल्या मंडळींना जिंकायचं कुठं होतं? त्यांना दोरी हललेली हवी होती. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि तिनं मासे धरण्याला गरवणं. ‘काय रे, गरवतोयस का?’ असं कुणी समाजमाध्यमावर विचारलं, तर मालवणात तरी त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.