तळटीप : ‘मानशीवर गरवायला गेलो’

१. मानशीवर गरवायला गेलो : ‘गरी’ म्हणजे गळ, आणि गळाने मासे धरणे म्हणजे ‘गरवणे’. मूळ मजकुरातील धारगळच्या त्या दिवसाचे मर्म उमगण्यासाठी ‘मानस’ या शब्दाचा खुलासा अवश्य आहे. पेडणे महालास बार्देशापासून विभागणाऱ्या शापोरा नदीच्या खाऱ्या पाण्यापासून सखल ‘खाजन’ शेते राखण्यासाठी पूर्वजांनी जे बांध घातले, त्यांत बसविलेले लाकडी झडपांचे द्वार म्हणजे मानस. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटते आणि ओहोटी लागताच आतील पाण्याच्या रेट्याने उघडते. आत साठलेला खोलगट जलाशय तो ‘पोंय’. दाराशी जाळे लावून मासळी धरण्याचा हक्क ‘पावणी’ने, म्हणजे लिलावाने, मक्त्यावर दिला जातो, गळवाल्यांची दाटी त्यामुळे बांधावर, जाळ्याची हद्द सोडून असते. जिवंत सुंगट (कोळंबी) आकड्यास टोचून, दोरी तर्जनीवर तोलून, प्रत्येकजण झडपेच्या पहिल्या करकरीची वाट पाहतो. कारण पाणी हलले की चोणक आणि तांबोशी हे मासे भक्ष्याच्या शोधात हालचाल करू लागतात. पेडणे महाल 1788 मध्ये पोर्तुगीज अंमलाखाली गेला आणि 1961 मध्ये त्यातून मुक्त झाला. राजवटी पालटल्या, तरी भरती-ओहोटीचा हुकूम पालटला नाही. वाचकांनी एवढे ध्यानी धरावे की, बांध फुटला तर शेतात खारे पाणी शिरते, आणि मानस टिकली तरच भात व मासळी दोन्ही टिकतात. — संपा.